शून्य टक्क्यांचा चक्का

यंदाच्या पाडव्याला आमच्या बिल्डिंगमधल्या पाच मराठी घरांनी मिळून जेवण केलं. पुऱ्या दुसऱ्या मजल्यावर, मसालेभात समोरच्यांकडे, श्रीखंड माझ्याकडे. आदल्या संध्याकाळी मी हायपरमार्केटातून ‘ग्रीक स्टाइल, ०% फॅट’ लिहिलेले चार डबे उचलून आणले, पिठीसाखर, केशर, वेलची, जायफळ घालून फेटले आणि फ्रिजमध्ये ठेवून दिले. सकाळी झाकण काढलं तर वर पाण्याचं तळं. ढवळलं आणि तसंच वाढलं. शेजाऱ्यांच्या आई तेव्हा नाशिकहून आलेल्या होत्या. त्यांनी पुरीचा घास त्यात बुडवला (बुडवला हाच शब्द बरोबर आहे, पुरीवर घेण्यासारखं ते नव्हतंच) आणि विचारलं, “काय रे, चक्का कुठून आणलास?”

“इथे चक्का मिळत नाही आजी. ग्रीक योगर्टचं केलंय.”

त्या जरा थांबल्या. “इथे दही मिळत नाही?”

मिळतं की. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या कुठल्याही मोठ्या दुकानात दह्यादुधाचा शेल्फ आपल्याकडच्या अख्ख्या डेअरीच्या दुकानापेक्षा लांब असतो. एक किलोचे, दोन किलोचे दह्याचे डबे, लबन, लबने, तुर्की गाळीव दही, आइसलँडचं स्कीर, आणि त्या ग्रीक नावाच्या डब्यांची रांग. दोन पावलं पुढे अल ऐन, अल रवाबी, मरमूम, अलमराई यांचं ताजं दूध. आणि आपण त्या रांगेसमोर उभं राहून घरी फोन करतो की चक्का काही दिसत नाही बाई इथे. हे वाक्य तुम्हीही म्हटलं आहे. न्यू जर्सीत म्हटलं असेल, स्लाउत, सिंगापुरात किंवा मेलबर्नमध्ये. माझी तक्रार त्या वाक्याबद्दल आहे, आणि त्याच्या पोटात दडलेल्या दुसऱ्या, जास्त घातक सवयीबद्दल. ती म्हणजे डब्यावर शून्य दिसलं की हात आपोआप तिकडे जाणं.

आधी नावाचा गोंधळ निस्तरू. ‘ग्रीक योगर्ट’ म्हणजे निथळलेलं दही. दही कापडातून किंवा यंत्रातून गाळायचं, पाणी काढायचं, उरतं ते घट्ट दही. लेबनॉन-सिरियापासून इथपर्यंत त्याला लबने म्हणतात, तुर्कस्तानात स्युझ्मे, आपल्याकडे चक्का. अथेन्समधल्या फिलिप्पू कुटुंबाच्या १९२६ सालच्या दुग्धालयातून पुढे ‘फागे’ ही कंपनी उभी राहिली आणि तिने हा पदार्थ ग्रीसबाहेर नेला. अमेरिकेत तो घरोघरी पोचवला तो ‘चोबानी’ने, आणि तिचा संस्थापक हमदी उलुकाया हा तुर्कस्तानातून न्यूयॉर्क राज्यात आलेला कुर्द माणूस. पुढे चोबानीने आपलं अमेरिकेत बनलेलं दही ब्रिटनमध्ये ‘ग्रीक योगर्ट’ या नावाने विकायला काढलं, तेव्हा फागे कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये जिंकली. जानेवारी २०१४ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. ब्रिटनमधल्या खरेदीदाराच्या मनात ‘ग्रीक योगर्ट’ म्हणजे ग्रीसमध्ये बनलेलं, गाळलेलं दही, असं कोर्टाने मानलं. बाकीच्यांनी म्हणायचं ‘ग्रीक स्टाइल’.

हे ‘स्टाइल’ प्रकरण नीट समजून घ्या, कारण आपण फसतो ते इथेच. ‘ग्रीक स्टाइल’ दही गाळलेलं असेलच असं नाही. पुष्कळदा त्यात दुधाची पावडर, स्टार्च किंवा जिलेटिन घालून घट्टपणा आणलेला असतो, किंवा मलई घालून. ओळखायचं कसं, तर डब्यामागचा तक्ता वाचून. शंभर ग्रॅम साध्या दह्यात प्रथिनं साडेतीनच्या आसपास आणि कर्बोदकं साडेचार-पाच. गाळलं की पाण्याबरोबर दुधातली साखर निघून जाते आणि प्रथिनं मागे राहतात, म्हणून गाळलेल्या दह्यात प्रथिनं आठ-दहा ग्रॅम आणि कर्बोदकं तीन-चार. प्रथिनांचा आकडा कर्बोदकांच्या दुपटीहून जास्त असेल तर दही गाळलेलं आहे. दोन्ही सारखेच असतील तर पुढचं लेबल कितीही निळं-पांढरं असो, आत साधंच दही आहे. मलईवर घट्ट केलेल्या डब्यात फॅट दहा टक्के आणि प्रथिनं चार-पाच दिसतील. तेही खायला छान लागतं, पण तो चक्का नव्हे.

म्हणजे ‘ग्रीक’ आणि ‘फुल फॅट’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला पाण्याचा, दुसरा सायीचा. दुकानदार दोन्ही एकाच डब्यावर छापतो आणि आपण ते एकच समजतो.

आता माझं श्रीखंड का फसलं ते सांगतो. आपल्या अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमावलीत हे सगळं लिहिलेलं आहे, आणि गंमत अशी की त्या इंग्रजी नियमावलीतही शब्द ‘चक्का’च आहे. केंद्र सरकारला त्यासाठी इंग्रजी शब्द सापडला नाही, आपल्याला मात्र दुबईत पोचल्यावर आठवड्याभरात सापडतो. त्या नियमानुसार चक्क्यात घन भाग किमान ३० टक्के हवा, आणि त्या घन भागातला किमान ३३ टक्के स्निग्धांश हवा. ‘फुल क्रीम चक्क्या’ला स्निग्धांशाची अट ३८ टक्के. साय काढलेल्या दुधाचा चक्काही त्यात आहे, पण वेगळ्या नावाने, वेगळ्या रकान्यात.

आता शून्य टक्केवाला डबा घ्या, आणि तोही खरा गाळलेला. प्रथिनं दहा, कर्बोदकं साडेतीन, थोडे क्षार. घन भाग सगळा मिळून चौदा-पंधरा टक्के, बाकीचं पाणी. पाच टक्के फॅटवाल्या उत्तम ग्रीक दह्यात तो अठराच्या आसपास जातो. चक्क्यात तीस. ग्रीक योगर्ट म्हणजे चक्काच, असं आपण मोठ्या अभिमानाने सांगत फिरतो, पण तो अर्ध्या वाटेवर खाली उतरवलेला चक्का आहे. गाठोडं आणखी सात-आठ तास टांगलं असतं तर तो पोचला असता. अशा अर्धवट निथळलेल्या दह्यात साखर घातली की साखर पाणी ओढून घेते आणि सैल रसा तयार होतो. आणि साय मुळातच नसेल तर ते पाणी धरून ठेवायला आणि जिभेवरचा आंबटपणा मऊ करायला आत काहीच उरत नाही. मग आपण आंबटपणा झाकायला अजून साखर घालतो. आजींच्या पुरीवर जे गेलं ते असं तयार झालं होतं.

तुम्ही म्हणाल, कारखान्यात कुठे कोण पंचा टांगतं? खरं आहे. बडोद्याच्या सुगम डेअरीने श्रीखंडाचं यंत्रावरचं उत्पादन बसवलं तेव्हा पंच्याच्या जागी क्वार्ग नावाच्या युरोपीय चीजसाठी बनलेलं फिरतं यंत्र आलं. त्या यंत्रात सायीसकट दही घातलं तर साय पाण्याबरोबर वाया जाते, म्हणून तिथे साय काढलेल्या दुधाचंच दही लावतात. पण पुढची पायरी ऐका. त्या कोरड्या चक्क्यात नंतर ८० टक्के स्निग्धांशाची घट्ट मलई मोजून मिसळतात. साय काढणं यंत्राची गरज होती, परत घालणं श्रीखंडाची. आपण त्यातली पहिली पायरी तेवढी उचलली आहे, आणि तिला आरोग्य असं नाव दिलं आहे.

हे नाव कुठून आलं? अमेरिकी सिनेटच्या, जॉर्ज मॅकगव्हर्न अध्यक्ष असलेल्या समितीने १९७७ मध्ये आहाराची उद्दिष्टं जाहीर केली. त्यात सायीच्या दुधाऐवजी कमी फॅटचं किंवा बिनसायीचं दूध प्या, असा सल्ला होता. त्याच वर्षाअखेरच्या सुधारित आवृत्तीत ‘लहान मुलं वगळून’ अशी पुस्ती जोडली गेली. सल्ला जगभर गेला. पुस्ती वाटेत कुठे तरी गळाली असावी, निदान माझ्या घरी तरी पोचली नाही.

कारण आमची मुलगी वर्षाची झाल्यावर मी तिला रोज दुपारी तेच शून्य टक्केवालं दही भरवत होतो. प्रथिनं जास्त, ‘लाइट’, आणि डबा तर घरात असायचाच. चौदाव्या महिन्याच्या तपासणीत वजनाची रेघ आडवी झालेली दिसली. डॉक्टरबाईंनी खाणंपिणं विचारलं, मी अभिमानाने दह्याचा ब्रँड सांगितला. त्यांनी लिहिणं थांबवून विचारलं, “हिला डाएटवर कुणी ठेवलंय?” दोन वर्षांखालच्या मुलांना सायीचंच दूधदही द्यावं, हे ब्रिटनची आरोग्यसेवा आपल्या पालकांना सरळ सांगते, आणि आपल्या आज्या कुणी न सांगता करत आल्या. डॉक्टरेट झालेल्या बापाने मात्र डब्यावरचा एक आकडा वाचला आणि बाकीचा तक्ता वाचलाच नाही. पुढे तिचं वजन वाढलं. ते दही बदलल्यामुळेच वाढलं असं मी म्हणणार नाही, एका मुलीवरून निष्कर्ष काढायला आमच्या धंद्यात बंदी आहे. पण तो प्रश्न ऐकताना जी लाज वाटली तिला पुराव्याची गरज नव्हती.

मोठ्यांचं काय? इथे मी सावधपणे बोलतो. सायीतल्या संपृक्त स्निग्धाने रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं हे काही खोटं नाही, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशन अजूनही कमी फॅटच्या दूधदह्याच्याच बाजूची आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमचे रिपोर्ट बघून साय बंद केली असेल तर माझं ऐकू नका, त्यांचं ऐका. पण रिपोर्ट न बघता, केवळ सवयीने शून्य उचलणाऱ्यांसाठी दुसरी बाजूही आहे. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्युअर नावाच्या अभ्यासाचे दूधदुभत्याबद्दलचे निष्कर्ष आले. २१ देशांतले एक लाख छत्तीस हजारांवर लोक, त्यात भारतही होता आणि आपली ही अमिरातही. दूधदही जास्त खाणाऱ्यांमध्ये मृत्यूचं आणि हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसलं, आणि सायीचंच दूधदही खाणाऱ्यांचं त्यात काही वाईट झालेलं दिसलं नाही. तो निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्याने कार्यकारण सिद्ध होत नाही. तरी साय म्हणजे विष हा जो आपला ठाम समज, तो या आकड्यांपुढे टिकत नाही. शिवाय पाडव्याच्या पानात खरा प्रश्न साखरेचा असतो. त्यावर कुणी बोलत नाही, कारण श्रीखंडाच्या डब्यावर ‘०% साखर’ कुणी छापत नाही.

आणि आपण इथे ज्याला फुल फॅट म्हणून घाबरतो ते असतं तरी किती? भारतात पिशवीवर ‘फुल क्रीम’ लिहायचं तर दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश लागतो. अमूल गोल्ड तसं आहे. ३ टक्केवालं टोन्ड, म्हणजे अमूल ताजा. आखातातल्या ‘फुल क्रीम’ गाईच्या दुधात स्निग्धांश असतो तीन-साडेतीन टक्के. म्हणजे इथलं फुल क्रीम हे तिथलं टोन्ड. कोल्हापूर-सांगलीत म्हशीच्या दुधावर वाढलेला माणूस दुबईत येतो तेव्हाच त्याची निम्मी साय गेलेली असते. त्यानंतर तो लो फॅटकडे वळतो आणि तिथून शून्याकडे, आणि मग भारतात गेल्यावर म्हणतो की आईच्या हाताला चव आहे. आईच्या हाताला चव असेलच हो, पण तिच्या पातेल्यात सहा टक्के होते.

“वेळ कुणाला आहे?” हा नेहमीचा आक्षेप. चक्क्याला तुमची मेहनत अर्ध्या तासाची लागते, बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं आणि त्याला सुट्टी नको असते.

दोन लिटर फुल क्रीम ताजं दूध घ्या. म्हशीच्या दुधाची आठवण येत असेल तर त्यात ३५ टक्क्यांचं, साखर नसलेलं क्रीम २०० मिलि घाला. हिशेब करून बघा, सहा टक्क्यांच्या जवळ पोचता. दूध नुसतं कोमट करू नका, आधी चांगलं तापवा, उकळीच्या अलीकडे दहा मिनिटं ठेवा. त्या तापमानाला दुधाच्या पाण्यातली प्रथिनं उलगडून केसिनला चिकटतात, दही घट्ट लागतं आणि नंतर निथळताना ती वाहून जात नाहीत. मग ४२-४३ अंशांपर्यंत निवू द्या, म्हणजे बोट घातलं तर ऊन लागेल पण भाजणार नाही. विरजणाला इथलंच कुठलंही साधं ताजं दही चालतं. फक्त ते बनवल्यानंतर पुन्हा तापवलेलं, फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकणारं नको, त्यातले जिवाणू मेलेले असतात.

इथे दुबईची एक खास अडचण येते. बाहेर पंचेचाळीस, आत बावीस. एसीच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेलं दही रात्रभर दूधच राहतं. मग वैतागून पातेलं बाल्कनीत ठेवावं तर जुलैत तीन तासांत ते इतकं आंबतं की फक्त कढीच्या लायकीचं उरतं. मी दोन्ही करून बसलोय. ओव्हन बंद ठेवून त्याचा नुसता दिवा लावा, पातेलं टॉवेलात गुंडाळून आत ठेवा, पाच-सहा तासांत लागतं. लागलं की आधी फ्रिजमध्ये गार करा आणि मगच कापडात घाला. गरम दही बांधलं तर बरंचसं कापडातून खाली जातं.

कापड मलमलीचं किंवा जुन्या सुती पंच्याचं घ्या. नळाला टांगायची हौस असेल तर टांगा, पण मी चाळणीत पंचा पसरतो, खाली पातेलं आणि वर वजनाला पाण्याने भरलेला डबा ठेवतो, आणि सगळं फ्रिजमध्ये. बाहेर निथळलेला चक्का निथळतानाही आंबत राहतो, फ्रिजमध्ये ते जवळपास थांबतं. चार-पाच तासांनी गाठ सोडली तर साधारण ८००-९०० ग्रॅम मिळतं. हे तुमचं फुल फॅट ग्रीक योगर्ट, ज्यासाठी लोक दुकानं पालथी घालतात. मुलीच्या दुपारच्या वाटीला आमच्याकडे आता हेच असतं. रात्रभर राहू द्या, मध्ये एकदा कापड बदला, उरतो पाच-सहाशे ग्रॅम चक्का. क्रीम न घालता, इथल्या साध्या फुल क्रीम दुधाचा केला तरी तो नियमातली ३३ टक्क्यांची अट ओलांडतो. दुकानातल्या भावाशी तुलना तुम्हीच करा, दर गावोगाव वेगळे असतात. माझ्या गावात तुलनेची गरजही पडली नाही.

तरीही दूध तापवायचा कंटाळा असेल तर दुकानातलं दोन किलो फुल क्रीम दही आणा आणि थेट चाळणीत ओता. तेही नको असेल तर पाच टक्केवालं खरं ग्रीक दही आणून त्यालाच रात्रभर टांगा. किंवा सायीची लबने घ्या, मीठ आहे का तेवढं मात्र आधी वाचा. मी एकदा वाचलं नव्हतं.

आणि हे सगळं मुळात आपलंच, ग्रीकांनी ढापलं, असं कृपा करून ग्रुपवर पाठवू नका. दही कापडात बांधण्याची अक्कल दूध असलेल्या प्रत्येक मुलखाला सुचलेली आहे. आमच्या मजल्यावरच्या दमास्कसच्या काकू लबने करतात. त्यांनी माझी चाळणी बघून पहिला प्रश्न विचारला तो दुधात साय किती, हा. त्यांना मी चक्का शब्द शिकवला. तोच शब्द आपल्या मुलांना शिकवायची वेळ मात्र पाडव्याच्या आदल्या रात्रीपर्यंत येत नाही.

पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी आजी परत जायच्या होत्या. मी पुन्हा श्रीखंड केलं, या वेळी वर लिहिलंय तसं, आणि वाटी घेऊन खाली गेलो. त्यांनी चमचा उलटा करून बघितला. श्रीखंड हललं नाही. खाल्लं, जायफळ जरा जास्त पडलंय म्हणाल्या, आणि विचारलं, “पाणी टाकून नाही ना दिलंस? निवळी ठेवलीस का?”

टाकून दिली होती, जवळजवळ लिटरभर. आता थालीपिठाची भाजणी त्यातच भिजवतो.